इंटिग्रेशन

इंटिग्रेशन : मुंबईत जन्मलेले गोमंतकीय गिटारवादक व रचनाकार अमान्सिओ डिसिल्वा (१९३६–१९९६) यांची स्वतःच्या नावाने निघालेली पहिली जाझ ध्वनिमुद्रिका. ती १९६९ मध्ये लंडन येथे ईएमआय या बलाढ्य कंपनीच्या कोलंबिया छापाखाली, ‘लॅन्सडाउन’ मालिकेत प्रसिद्ध झाली. निर्माते डेनिस प्रेस्टन. ग्रामोफोन कंपनी व कोलंबिया यांच्या विलीनीकरणातून १९३१ मध्ये उभी राहिलेली ही ईएमआय म्हणजे, आपल्याकडील नाट्यपदांच्या तबकड्यांवर ज्या ‘हिज मास्टर्स व्हॉइस’चा शिक्का असे, त्याचीच मालक होती.

मुंबईच्या हॉटेलांतील वाद्यवृंद आणि चित्रपटांचे ध्वनिमुद्रण या दोहोंचा भार ज्या गोमंतकीय वादकांनी वर्षानुवर्षे वाहिला, त्यांना बिदागी मिळाली, प्रसंगी वाहवाही मिळाली, परंतु तबकडीच्या वेष्टनावर नाव क्वचितच मिळाले. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींचा आश्रय लाभलेले आणि पुढे लंडनला स्थायिक झालेले डिसिल्वा हे यातील ठळक अपवाद.

साथीस डॉन रेंडेल (सॅक्सोफोन), इयन कार (ट्रम्पेट), डेव्ह ग्रीन (डबल बेस) व ट्रेव्हर टॉमकिन्स (ड्रम) हे वादक आहेत. म्हणजे इंग्लंडात त्या काळी नावाजलेले रेंडेल-कार पंचकच, मात्र त्यातील पियानोवादक मायकेल गॅरिक यांच्याविना. पियानोची जागा गिटारने घेतल्यामुळे स्वरसंघांची दाटी ओसरली, हे उघड आहे. परंतु त्याहून महत्त्वाचे असे की, पियानोची पट्टी एकदा दाबली म्हणजे स्वर जागचा हलत नाही, उलट गिटारची तार डाव्या हाताच्या बोटाने किंचित ओढताच तो वर सरकतो, आणि मींडेचा आभास निर्माण होतो.

याआधी भारतीय संगीत व जाझ यांचा मेळ घालणाऱ्या, सॅक्सोफोनवादक जो हॅरियट व कलकत्त्यात जन्मलेले रचनाकार जॉन मेयर यांच्या ‘इंडो-जाझ सूट’मध्ये (१९६६) सतार-तबला आणि जाझवृंद एकमेकांशेजारी बसविलेले आहेत. ‘इंटिग्रेशन’मध्ये सतारही नाही, तबलाही नाही. ‘जयपूर’, ‘गँजेस’, ‘महारानी’ ही रचनांची नावे लंडनच्या गिऱ्हाइकाची हौस पुरविण्यासाठी योजिली असावीत, अशी शंका येते खरी. तथापि भारतीयत्व वाद्यांच्या यादीतून न आणता चालीच्या वळणातून आणण्याचा हा प्रयत्न, प्रस्तुत लेखकाच्या मते, मेयर यांच्या प्रयोगाहून अधिक सहज उतरला आहे.

त्याच वर्षी डिसिल्वा यांनी हॅरियट यांच्यासमवेत ‘हम दोनो’ ध्वनिमुद्रित केली. तीत नॉर्मा विन्स्टन यांचा आवाज आहे. ‘कोंकण डान्स’ ही त्यांची नंतरची ध्वनिमुद्रिका मात्र त्यांच्या निधनानंतरच बाजारात आली.