कुर्ल्याची फियाट, रांजणगावची विजेची मोटार

मुंबईत मोटारींची जुळणी १९२८ मध्ये शिवडीला सुरू झाली. जनरल मोटर्स तिथे परदेशातून आलेले सुटे भाग जोडून गाड्या तयार करत असे. गाडी इथेच घडली पाहिजे, हा आग्रह सोलापूरच्या वालचंद हिराचंदांचा. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ बाहेर पडल्या, मग इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५३ मध्ये सरकारने केवळ जुळणी करणाऱ्या कंपन्यांना गाशा गुंडाळायला लावला आणि शिवडीचा कारखाना बंद पडला. मोटारीच्या बाजारात मुख्यतः तिघे उरले: प्रीमियर, उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स आणि मद्रासची स्टँडर्ड.

१९५४ मध्ये आलेल्या फियाट ११०० ला मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ हे नाव दिले. तिचे पुढचे दरवाजे उलट्या बाजूने उघडत. १९६४ मध्ये आलेल्या डिलाइटचा चौकोनी सांगाडा मात्र थेट २००० च्या सुमारापर्यंत टिकला. १९७० च्या दशकात ती आधी प्रेसिडेंट आणि नंतर पद्मिनी झाली. १०८९ सीसीचे इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर पुढेही बराच काळ तसाच राहिला.

त्या काळात मोटार घेणे म्हणजे आधी नंबर लावणे. पैसे भरून नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे थांबायचे. परवाना पद्धतीत कारखान्याने किती गाड्या काढायच्या हे सरकार ठरवत होते, मागणी त्याहून कितीतरी जास्त होती. म्हणून वर्षभर वापरलेली फियाट कोऱ्या फियाटपेक्षा महाग विकली जाई, कारण ती लगेच ताब्यात मिळत असे. हा व्यापार रोखण्यासाठी १९५९ मध्ये मोटारींच्या वाटपावर आणि विक्रीवर नियंत्रण आले. १९६९ मध्ये किमतीही कायद्याने बांधल्या गेल्या. त्याविरुद्ध उत्पादक सर्वोच्च न्यायालयात गेले. नियंत्रणाने कारखान्याचा भाव बांधला खरा, पण रांग काही आखडली नाही. जुन्या गाडीचा भाव यंत्राच्या अवस्थेवर ठरण्याऐवजी रांगेच्या लांबीवर ठरत राहिला, आणि दोषी होती ती कमी उत्पादनाची सक्ती.

त्याच सक्तीतून दुरुस्तीची एक मोठी विद्या उभी राहिली. वीस-वीस वर्षे चालवायची म्हणून फियाटचे इंजिन उतरवणे, बोअर करून नवे पिस्टन बसवणे, डेंटिंग-पेंटिंग करणे हे गल्लीतल्या गॅरेजचे रोजचे काम झाले. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगारातल्या गाड्यांचे भाग मिळत. उन्हाळ्यात बोरघाट चढताना पंपातले पेट्रोल तापून त्याची वाफ व्हायची आणि गाडी बंद पडायची. मग बॉनेट उघडून इंजिनाला टेकलेल्या पंपावर ओले फडके ठेवायचे, कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल पोचेतो वाट पाहायची आणि पुन्हा सेल्फ मारायचा. कोणत्याही चालकाला हे करता येई. मालकाला आपल्या हाताने समजणारी गाडी, ही पद्मिनीची खरी थोरवी. नव्या गाड्या तिच्याहून सुरक्षित आणि काटकसरी आहेत, पण ही ओळख त्यांच्या मालकांना लाभत नाही.

१४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० ची पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली. तिलाही सुरुवातीला रांग होती आणि पुनर्विक्रीला चढा भाव होता. १९९३ मध्ये मोटार उद्योगावरची परवान्याची सक्ती गेली, परदेशी कंपन्या आल्या आणि १९९८ मध्ये टाटांनी पुण्यातली इंडिका आणली. कर्जावर गाडी सहज मिळू लागली. शोरूममधून बाहेर पडताच गाडीची किंमत उतरते, हा जगभरचा नियम तेव्हा कुठे भारतात लागू झाला. २००१ मध्ये मारुतीने जुन्या गाड्यांच्या विक्रीसाठी ट्रू व्हॅल्यू सुरू केले. त्यानंतर ‘फर्स्ट ओनर’, किती किलोमीटर झाले आणि सर्व्हिसची नोंद यांवर जुन्या गाडीचा भाव ठरू लागला. नीट राखलेली जुनी गाडी हा तेव्हापासून सामान्य घरासाठी सर्वांत शहाणपणाचा सौदा आहे.

त्याच २००१ मध्ये बंगळूरच्या चेतन मैनी यांची रेवा बाजारात आली. शिसे-आम्लाच्या बॅटरीवर ती एका चार्जमध्ये सुमारे ८० किलोमीटर जाई. भारतात तिला फारसे गिऱ्हाईक नव्हते. लंडनमध्ये मात्र ती ‘जी-विझ’ नावाने खपली, कारण मध्यवर्ती भागात शिरण्याचा गर्दीचा कर तिला माफ होता. २०१० मध्ये महिंद्राने ही कंपनी घेतली. खरा बदल लिथियम बॅटरीने आणि करसवलतीने घडवला. २०१९ मध्ये विजेच्या मोटारीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि जानेवारी २०२० मध्ये टाटांची नेक्सॉन ईव्ही आली. ती बनली पुण्याजवळच्या रांजणगावात, टाटा आणि फियाट यांच्या सामाईक कारखान्यात. कुर्ल्याहून निघालेली फियाटची वाट तिथवर पोचली होती.

विजेच्या गाडीला कार्ब्युरेटर, प्लग, क्लच यांपैकी काहीच नसते, त्यामुळे नेहमीची दुरुस्ती कमी. तिचे सारे मोल बॅटरीत. नेक्सॉन ईव्हीच्या बॅटरीला सुरुवातीपासून ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी होती. गाडी जुनी झाल्यावर ही हमी किती उरली आणि बॅटरीची क्षमता किती राहिली, हे पाहूनच तिचा भाव ठरतो, आणि ते गल्लीतल्या मेकॅनिकला कानाने ऐकून सांगता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने जुन्या विजेच्या मोटारी विकणाऱ्या व्यापाऱ्यांच्या नफ्यावरचा कर १२ वरून १८ टक्के करण्याची शिफारस केली. दोन व्यक्तींनी आपसात केलेल्या व्यवहाराला तो लागत नाही. कोऱ्या गाडीवर ५ टक्के आणि जुनीच्या नफ्यावर १८, हा क्रम उलटा आहे. ज्यांना नवी परवडत नाही, त्यांच्यापर्यंत विजेची मोटार पोचवणारा बाजार जुन्या गाड्यांचाच आहे.