न वाजलेली तुतारी

मालगुंडचे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते केशवसुतांमुळे. या गावचा हा कवी शाळामास्तरकी करीत गावोगाव फिरला आणि ७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळीस प्लेगने गेला. वय अवघे ३९. पाठोपाठ पत्नीही गेली. लोकांनी याला दैव म्हटले. पण इतिहासाला दैवापाशी थांबून चालत नाही.

प्लेगचा जंतू यर्सिन याने १८९४ साली हाँगकाँगमध्ये शोधला. १८९६ त ही साथ मुंबईत मांडवीला उतरली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनने आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. म्हणजे केशवसुत गेले तेव्हा शत्रू कोण हे कळले होते, लसही निघाली होती. पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात, हे मेचनिकॉव्हने १८८२ पासूनच मांडले होते. मग या पहारेकऱ्यांना शत्रू ओळखू कसा येतो, आणि प्लेगपुढे ते फसतात कसे?

उत्तर मिळाले ते एका माशीकडून! १९९६ साली फ्रान्समध्ये होफमान यांच्या मंडळींना दिसले की, ‘टोल’ नावाचे जनुक बिघडलेली फळमाशी बुरशीने मरते. पुढच्याच वर्षी मेझितॉव्ह व जेनवे यांनी माणसातला टोल दाखवला. १९९८ त ब्यूटलर यांनी सिद्ध केले की, ‘टोल-४’ हा पहारेकरी जंतूच्या कवचातले एक स्निग्ध द्रव्य ओळखतो व धोक्याची सूचना देतो. ही ओळख शिकावी लागत नाही. ती जन्मतःच असते. होफमान व ब्यूटलर यांना २०११ चे नोबेल मिळाले.

हे पहारेकरी इतके सूक्ष्म की नुसत्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाहीत. येथे कून्स या अमेरिकन डॉक्टराची युक्ती कामी येते. प्रतिपिंड आपल्या ठराविक लक्ष्यालाच चिकटतो. १९४१ साली कून्सने त्याला चकाकणारा रंग जोडला. आज रक्ताच्या थेंबात टोल-४ चा रंगीत प्रतिपिंड घालतात, जादा रंग धुऊन टाकतात आणि एकेक पेशी लेसरच्या झोतापुढून सोडतात. जिच्यावर पहारेकरी, ती उजळते. पण टोल-४ संख्येने थोडा, म्हणून उजेड मंद. शिवाय काही पांढऱ्या पेशी कोणत्याही प्रतिपिंडाचे शेपूट पकडतात. म्हणून दुसरा, निरुपयोगी प्रतिपिंड घालून पडताळा पाहावा लागतो. खोट्या उजेडाला भुलून चालत नाही.

आता प्लेगची लबाडी पाहा. पिसवेच्या थंड देहात या जंतूच्या स्निग्ध द्रव्याला सहा शेपट्या असतात. माणसाच्या ३७ अंशांच्या रक्तात तो त्यांतल्या दोन टाकतो. चार शेपट्यांची ती खूण टोल-४ ला नीट पटत नाही. पहारेकरी जागेवर असतो, शत्रू दारातून आत येतो, आणि हाकाटी होत नाही. होते तेव्हा उशीर झालेला असतो. २००६ साली शास्त्रज्ञांनी जंतूला सहाही शेपट्या कायम ठेवायला लावल्या, तेव्हा तो उंदरांना मारीनासा झाला.

झोपलेल्यांना जागे करण्यासाठी ज्याने ‘तुतारी’ लिहिली, त्याला नेलेल्या रोगाची खरी ताकद ही होती: देहातली तुतारी वेळेवर वाजू न देणे. हे कळायला त्याच्या मृत्यूनंतर शंभर वर्षे लागली. आज प्लेगवर औषधे आहेत, मात्र ती लवकर दिली तरच उपयोगी पडतात. वेळेवर मिळालेल्या इशाऱ्याची किंमत तेव्हाही तीच होती.