अब्बांचे सिफर

बी.ए.ला असताना 'सायफर' हा इंग्रजी शब्द पहिल्यांदा भेटला. शब्दकोशात अर्थ तीन: शून्य, गुप्त लिपी आणि कुणाच्या खिजगणतीत नसलेला माणूस. पाठ केले आणि आठवड्यात विसरलो. शब्दाची व्युत्पत्ती कंसात दिलेली असते, ती मी तोवर ओलांडूनच जात असे. त्या दिवशी नजर तिथे अडली. मूळ अरबी, 'सिफ्र'.

मी चमकलोच. आमचे अब्बा अडत दुकानात हिशेब लिहीत. घरात दखनी. गणितात गुण कमी पडले की ते विचारत, "फिर सिफरच लाया क्या रे?" ज्या शब्दापायी लहानपणी मार खाल्ला, तो साहेबाच्या कोशात कोट घालून बसला होता!

सिफ्र म्हणजे रिकामे. आपल्या 'शून्य' शब्दाचे अरबांनी केलेले ते सरळ भाषांतर. पिसा शहराच्या फिबोनाचीने १२०२ साली 'लिबेर आबाची' या ग्रंथात भारतीय अंक समजावून दिले, तेव्हा लॅटिनमध्ये त्याचे 'झेफिरुम' केले. ते इटलीत झिजत झिजत 'झीरो' झाले. दुसऱ्या वाटेने, फ्रेंचमार्गे, 'सायफर' आला. दोघे सख्खे भाऊ. सायफर आधी शून्य, मग कोणताही अंक, मग गुप्त लिपी. 'डिसायफर' म्हणजे उलगडणे, तेही याच घरातले. एवढे कळल्यावर पाठांतराची गरजच उरली नाही.

'साइन'ची गोष्ट तर याहून गमतीची. त्रिकोणमितीतला हा साइन शाळेत तुम्हालाही छळून गेला असेल. संस्कृतात तो 'ज्या' किंवा 'जीवा', म्हणजे धनुष्याची दोरी. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये तो वापरला. अरबांनी अर्थ न बदलता नुसता उच्चार उचलला, 'जीबा'. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत आणि 'जीबा'ला अरबीत काही अर्थ नाही. पुढच्यांनी तीच अक्षरे ओळखीच्या 'जैब' या शब्दासारखी वाचली. जैब म्हणजे छातीवरची वस्त्राची घडी. आमच्या घरी अजून खिशाला 'जेब' म्हणतात, ती हीच. बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरात या घडीला 'सिनुस' शब्द योजला गेला आणि इंग्रजांनी त्याचा साइन केला. सर्दीने चोंदणारा सायनस तो हाच सिनुस. धनुष्याची दोरी वाचनाच्या एका चुकीने नाकापर्यंत येऊन पोचली!

मात्र या नादात घसरायलाही होते. एका शिकवणीत मी 'बदनाम'मधला फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' एकच, असे ठोकून दिले. दुसऱ्या दिवशी एका मुलीने कोशच पुढे ठेवला. दोघांचा काही संबंध नाही, निव्वळ योगायोग. कान धरले.

'अल्जेब्रा' मात्र खात्रीचा. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिज्मीने लिहिलेल्या ग्रंथाच्या नावातला 'अल-जब्र', म्हणजे मोडलेले पुन्हा जोडणे. स्पॅनिशमध्ये हाडवैद्याला 'अल्जेब्रिस्ता' म्हणत. जब्रचा दुसरा अर्थ जोर, बळ.

मागे एका कविसंमेलनानंतर एक गृहस्थ कौतुकाने म्हणाले, "मुसलमान असून तुमचं मराठी जबरदस्त आहे हो!" मी आभार मानले. 'जबरदस्त' हा शब्दच फारसीतून आला, ते सांगायचे राहून गेले.