आतड्याचा दाह आणि साठलेल्या विषाचे मत

क्रोन किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस झालेल्या माणसाला हल्ली एक कारण हमखास ऐकवले जाते: विषाचा निचरा करणारी विकरे जन्मतःच दुबळी, म्हणून विष साठले आणि आतडे सुजले. हे मत अगदीच निराधार नाही. युरोपीय वंशाच्या सुमारे निम्म्या लोकांत जीएसटीएम१ हे जनुक मुळातच नसते, आणि घातक रेणूंना ग्लुटाथायोन जोडून निकामी करणारे एक विकर त्यांच्यात तयारच होत नाही. ही उणीव रुग्णांत अधिक असल्याचे काही छोट्या अभ्यासांनी नोंदवले. इतरांना तसे दिसले नाही.

पण जी गोष्ट निम्म्या समाजात आहे, ती मोजक्यांना होणाऱ्या रोगाचे कारण ठरवायची तर पुरावा भक्कम हवा. २००१ मध्ये क्रोनशी नाते जुळले ते एनओडी२ या जनुकाचे, आणि त्याचे काम जिवाणूंच्या भिंतीचे तुकडे ओळखण्याचे. २०१२ पर्यंत जनुकसंचाच्या तपासण्यांतून या दोन रोगांशी निगडित १६३ जागा निश्चित झाल्या. त्यांत ठळक दिसते ती प्रतिकारशक्ती आणि तिचा जिवाणूंशी चाललेला व्यवहार. यावर पूर्वपक्ष म्हणेल, अशा तपासण्या डीएनएतील एकेका अक्षराचा बदल टिपतात, अख्खे जनुक गळाले तर ते निसटू शकते. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच २०१० चा ब्रिटिश अभ्यास मोलाचा, कारण त्याने गळालेले आणि दुणावलेले तुकडेच तपासले. प्रतिकारशक्तीच्या जनुकांचा एचएलए विभाग सोडला तर क्रोनसाठी त्यात उठून दिसला तो आयआरजीएमजवळचा तुकडा. हे जनुकही पेशीत शिरलेल्या जिवाणूंच्या विल्हेवाटीचेच.

शिवाय तंबाखूचा धूर पाहा. विषाचा निचरा करणाऱ्या विकरांवर त्याचे ओझे केवढे! विष साठून दाह होत असता, तर धूम्रपानाने दोन्ही रोग वाढले असते. क्रोन वाढतो, कोलायटिस मात्र धूम्रपान करणाऱ्यांत कमी आढळतो. (यात कोणी विडी-सिगारेटचे समर्थन शोधू नये, तिची इतर हानी कितीतरी मोठी आहे.)

अशा विकरांचा खरा प्रताप दिसतो तो औषधाच्या मात्रेत. या रोगांत दिल्या जाणाऱ्या अ‍ॅझाथायोप्रिन या औषधापासून बनणारी द्रव्ये निष्क्रिय करण्याचे काम टीपीएमटी आणि एनयूडीटी१५ ही विकरे करतात. एनयूडीटी१५ च्या जनुकातल्या बदलाचे महत्त्व २०१४ मध्ये कोरियातील क्रोनच्या रुग्णांत उघड झाले, आणि भारतीयांतही तो टीपीएमटीच्या बदलांहून अधिक आढळतो. या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतील, तर नेहमीच्या मात्रेनेही पांढऱ्या पेशी जिवावर बेतण्याइतक्या घटतात.

तेव्हा विषशुद्धीच्या नादाने चालू औषध सोडू नका. अ‍ॅझाथायोप्रिन सुरू करण्याआधी मात्र एनयूडीटी१५ च्या तपासणीबद्दल आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा.