इर्जिक आणि पतपेढी

सहकार हा शब्द कानीं पडतांच आपल्या सुशिक्षित घरांतून पतपेढी, व्याजाचा दर आणि संचालकांची निवडणूक ह्यांचेंच चित्र उभें राहतें. परंतु हिंगोलीकडील कुणब्यास सहकाराचा पहिला धडा कोणत्याही कायद्यानें दिलेला नाहीं. नांगरटीचे दिवस आले, कीं गांवचीं औतें एकाच्या शेतांत जमत आणि तिन्हीसांजेला शेतधनी सर्वांस जेवूं घाली, ही इर्जिक. एकच बैल असलेला शेजाऱ्याच्या बैलाशीं जोडी जमवी, ही सावड.

मग हा कुणबी कर्जांत कां बुडाला? श्रमाची उणीव शेजारी भरून काढी; रोख पैशाची उणीव भरून काढण्यास मात्र सावकारावांचून कोणी नव्हतें. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें सावकारांविरुद्ध दंगा उसळला, तेव्हां इंग्रज सरकारनें १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं व १९०४ सालीं सहकारी पतसंस्थांसाठीं कायदा केला. हिंगोली त्या काळीं निजामाच्या परभणी जिल्ह्यांत होती. तेथें सहकाराचा कायदा १९१४ च्या सुमारास आला. कर्जाची सोय झाली खरी. परंतु इर्जिकीमागील शेजारधर्म दप्तरांत उतरला नाहीं.

१९४८ सालीं निजामी संपली. १९९९ सालीं हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला. तेथील वसमतच्या हळदीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन लाभलें. हळद सुमारें नऊ महिने जमिनींत असते. काढल्यावर ती शिजवावी, वाळवावी आणि यंत्रांत घोळून तिला झळाळी आणावी लागते. हीं यंत्रें एकट्या लहान शेतकऱ्याच्या आवांक्याबाहेरचीं. दहाजणांनीं मिळून घेतलीं, तर परवडतात. श्रम आणि भांडवल ह्यांची जुनी ताटातूट येथें मिटूं शकते. पाण्याचेंही तसेंच. विहिरी निरनिराळ्या असल्या, तरी पोटांतील झरा बहुधा एकच. एकानें उपसा वाढविला, कीं शेजारी कोरडा पडतो. म्हणून जमिनीची ओल टिकविणें हेंही एकट्याचें काम नव्हे.

तथापि जुन्या इर्जिकीला आम्ही देव्हाऱ्यांत बसवूं इच्छीत नाहीं. ज्याच्याजवळ औतच नाहीं, त्या मजुराला तींत बरोबरीचें स्थान मिळणें कठीणच होतें. आजही हळद काढण्यास राबणाऱ्या बहुतेक बायकांचीं नांवें सातबाऱ्यावर नसतात. आणि जेथें सातबाऱ्यावर नांव नाहीं, तेथें सभासदत्वही सहसा मिळत नाहीं. सहकारानें कोणाचें कल्याण केलें हें पाहावयाचें असेल, तर नफ्याच्या आंकड्याआधीं सभासदांची यादी वाचावी, असें आम्हांस वाटतें.