वाडा सुटला, मराठीचं काय?

बडोद्यात आपली माणसं कुठे राहिली, हे पाहिलं की संस्थानाचा इतिहासच उलगडतो. अठराव्या शतकात गायकवाडांबरोबर शिलेदार, कारकून, भिक्षुक आले. पुढे सयाजीराव महाराजांच्या काळात (१८७५-१९३९) शाळा, कचेऱ्या वाढल्या, तशी नोकरदार कुटुंबं आली. दांडिया बाजार, रावपुरा भागातले वाडे बिऱ्हाडांनी भरले.

१ मे १९४९ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, १९६०ला गुजरात वेगळं झालं. दरबारची चाकरी गेली; पुढची पिढी बँकेत, युनिव्हर्सिटीत, रिफायनरीत लागली.

आमच्या वाड्याला सात हिस्सेदार. भाड्यातून कौलंसुद्धा शाकारून होईनात. ताळेबंद बघण्यात जन्म गेल्यामुळे विकण्याचा हिशोब मला पटला. हिचा पाय मात्र अंगणातून निघेना. शेवटी वासणा रोडला चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. शेजारी गुजराती, सिंधी, मल्याळी. माणसं लाख चांगली. पहिल्या पाडव्याला गॅलरीत गुढी उभारायला काठी त्यांनीच धरली.

पण एक खर्च खरेदीखतात लिहिलेला नसतो. वाड्यात पोरांना मराठी शिकवावी लागत नसे, ओसरीवर आपोआप कानावर पडायची. इथे लिफ्टमध्ये कोण बोलणार? नात आमच्या प्रश्नाला गुजरातीत उत्तर देते. म्हणून रात्रीचं जेवण फक्त मराठीत, असा नियम केलाय. महिन्यात ती "आजोबा, आमटी वाढा" म्हणायला लागली!

तुमचा वाडा कुठे होता? कधी सुटला? खाली जरूर लिहा. सांगणारी माणसं कमी होत चालली आहेत.