एका ‘स’ची गोष्ट : सोपारा आणि ओफीर

बोनकोड्याहून नालासोपाऱ्याला जायचे तर आज लोकलने ठाणे, मग दादर आणि तिथून विरारची गाडी. पूर्वी हाच प्रवास ठाण्याच्या खाडीने वर जाऊन पुढे वसईच्या खाडीतून होऊ शकत असे. त्यामुळे सोपारा आम्हा खाडीकाठच्या माणसांना परका वाटत नाही. बायबलमधला राजा शलमोन ज्या ओफीरहून सोने आणवी, ते ओफीर म्हणजेच सोपारा, असे मीही अनेकदा अभिमानाने सांगितले आहे. एकदा घरातल्याच एका मुलाने विचारले, “पुरावा काय?” मला उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते राहिलेले उत्तर.

बायबलमधील कथा अशी : शलमोनाने तांबड्या समुद्रावरील एसयोन-गेबेर येथे जहाजे बांधली. सोरचा राजा हीराम याचे दर्यावर्दी त्यांवर गेले आणि ओफीरहून 420 किक्कार सोने घेऊन आले. आजच्या हिशेबाने हे तेरा-चौदा टनांच्या आसपास जाते. शलमोनाच्या दूरच्या सफरींच्या मालात चांदी, हस्तिदंत, वानरे आणि मोर असल्याचेही वर्णन आहे. मोर म्हटल्यावर भारत आठवतोच. मोरांसाठीचा हिब्रू शब्द तमिळ ‘तोकै’शी जुळतो, असे काही अभ्यासकांनी म्हटले आहे.

पण सोपाऱ्याची बाजू मुख्यतः उभी आहे ती एका अक्षरावर. मूळ हिब्रूत शब्द आहे ‘ओफीर’. इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून बायबलचे ग्रीक भाषांतर होऊ लागले, त्यात राजांच्या ग्रंथात ‘सोफीरा’ असे रूप येते. हा ‘स’ आला आणि सोपारा जवळ आला. मात्र त्याच ग्रीक बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात हे नाव ‘स’शिवाय आहे आणि तिथे ओफीरचे नाव शबा व हवीला यांच्यामध्ये येते. हा रोख अरबस्तानाकडे जातो. पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार जोसेफसने ओफीर भारताकडे नेले खरे, पण तो शलमोनानंतर हजार वर्षांनी लिहीत होता.

ओफीर ही निव्वळ दंतकथा नव्हे. 1946 मध्ये तेल अवीवजवळील टेल कासिले येथे एक खापर सापडले. ‘टेल’ म्हणजे आपल्याकडे ज्याला पांढरीचे टेकाड म्हणतात तेच. वस्तीवर वस्ती साचून झालेले. इ.स.पू. आठव्या शतकातील त्या खापरावर ओफीरच्या सोन्याची 30 शेकेल अशी नोंद आहे. म्हणजे ओफीरचे सोने व्यवहारात होते. ते कोठून येई, हे मात्र खापर सांगत नाही.

आता आपले टेकाड पाहू. सोपाऱ्यातील ‘बुरुड राजाचा कोट’ 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उकरला. तो कोट नव्हता, स्तूप होता. आत दगडी करंडक, त्यात तांब्याचा करंडा, त्याभोवती बुद्धांच्या आठ मूर्ती. करंड्याच्या आत चांदीची, दगडाची, स्फटिकाची आणि शेवटी सोन्याची डबी. शिवाय सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे. त्याच वर्षी भातेला तळ्याजवळ अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्याचा तुकडा 1956 मध्ये भुईगाव येथे सापडला. सोपाऱ्याचा हा पक्का पुरावा इ.स.पू. तिसऱ्या शतकाचा. शलमोनाचा काळ दहाव्या शतकाचा मानतात. मधली सातशे वर्षे एका ‘स’ने भरून निघत नाहीत. शिवाय कोकणात सोन्याच्या खाणी नाहीत. सोने दुसरीकडून येऊन इथून गेले असेल, असे म्हणता येईल. पण ते म्हणणेच राहील.

म्हणून माझे उत्तर असे : सोपारा म्हणजे ओफीर, हे सिद्ध झालेले नाही. यात सोपाऱ्याचे काय गेले? नाशिकच्या लेण्यात उषवदाताच्या लेखात त्याचे नाव आहे. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’मध्ये भडोचनंतरच्या बंदरांत ते कल्याणच्या आधी येते. हे सगळे दगडावर आणि कागदावर आहे.

आठव्या लेखात अशोक सांगतो की, पूर्वीचे राजे शिकारीच्या विहारयात्रा करीत. त्याने त्याऐवजी धर्मयात्रा सुरू केल्या, आणि त्यांत गावोगावच्या लोकांना भेटणे हाही हेतू होता. आमच्या गावठाणाभोवती सिडकोचे नगर उभे राहिले, तशाच इमारती सोपाऱ्याच्या स्तूपाभोवतीही आल्या आहेत. पाया खणताना पांढरी माती, खापर, जुनी वीट लागली तर डंपर थांबवायचा की नाही, हे तिथे उभा असलेला माणूस ठरवतो. त्याला शलमोनाच्या सोन्याची आशा दाखवली, तर खापराची किंमत त्याला कधीच कळणार नाही. घरच्या मुलाला मी आता खापरापासूनच सांगायला सुरुवात केली आहे.